जबानी आणि श्रोता : ‘आय मे डिस्ट्रॉय यू’मधील एका प्रसंगाचा विचार

डेटिंग ॲपवरील ओळखीतून घडणाऱ्या लैंगिक अत्याचाराची चर्चा सामान्यतः ओळखीची पडताळणी, पहिली भेट सार्वजनिक ठिकाणी घेणे, ‘ब्लॉक’ची सोय अशा उपायांभोवती फिरते. हे उपाय आवश्यक आहेतच. परंतु अत्याचार घडून गेल्यावर त्याचे कथन कोणत्या भाषेत आणि कोणापुढे करावयाचे, हा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेर राहतो. मायकेला कोएल या ब्रिटिश लेखिकेची ‘आय मे डिस्ट्रॉय यू’ (२०२०) ही बारा भागांची दूरचित्रवाणी मालिका नेमक्या याच प्रश्नाला भिडते.

मालिकेत दोन जबान्या समोरासमोर ठेवलेल्या आहेत. नायिका अ‍ॅराबेलाची जबानी दोन महिला पोलीस अधिकारी संयमाने ऐकून घेतात. तिचा मित्र क्वामे ‘ग्राइंडर’ या ॲपवरून ठरलेल्या भेटीस जातो. तेथे प्रथम संमतीने संबंध येतो आणि नंतर, तो निघू पाहत असताना, त्याच्यावर बळजबरी होते. तो पोलिसांकडे जातो तेव्हा समोरचा अधिकारी प्रश्न विचारतानाच अवघडतो. आधीची संमती आणि नंतरचा नकार या दोन गोष्टी एकाच संध्याकाळी खऱ्या असू शकतात, हे त्याच्या आकलनात बसत नाही. इंग्लंडमधील २००३ च्या लैंगिक अपराध कायद्याने संमतीची व्याख्या निवडीचे स्वातंत्र्य आणि क्षमता यांवर बेतली आहे. तेथे पीडित पुरुषही कायद्याच्या बाहेर नाही. म्हणजे उणीव कायद्याच्या शब्दांत नसून श्रोत्यात आहे. कोएल येथेच थांबत नाही. पुढे अ‍ॅराबेलाच क्वामेला एका पुरुषासह खोलीत कोंडते. स्वतः सोसलेल्या व्यक्तीलाही दुसऱ्याचे सोसणे आपोआप ऐकू येत नाही, हे या प्रसंगाने दाखविले आहे.

मराठी वाचकास येथे तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ची आठवण होणे स्वाभाविक आहे. बेणारेचे अखेरचे स्वगत प्रेक्षकांपर्यंत पोहोचते, परंतु रंगमंचावरील ‘न्यायालया’च्या कानी ते पडत नाही. दोन्ही कृतींत चौकशीचा साचा आधीच तयार आहे आणि व्यक्तीने त्यात मावावे अशी अपेक्षा आहे. भेद असा, की बेणारेवर तिच्या खाजगी आयुष्याचा आरोप लादला जातो, तर क्वामेच्या अनुभवाला नावच मिळत नाही.

भारतीय संदर्भात हा भेद अधिक गंभीर ठरतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने प्रौढांचे संमतीने होणारे समलिंगी संबंध अपराधाच्या कक्षेतून वगळले, मात्र संमतीविरहित कृत्यांपुरते कलम ३७७ शिल्लक ठेवले होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत त्या कलमाची जागा घेणारी तरतूद नाही आणि बलात्काराच्या व्याख्येत पीडित म्हणून केवळ स्त्रीच अभिप्रेत आहे. लंडनमधील क्वामेला ऐकणारा मिळाला नाही. येथील क्वामेला तर, श्रोता सहृदय असला तरी, आपल्या अनुभवासाठी कायद्यातील नेमका शब्द सापडणार नाही.

सहृदय श्रवणानेही न्यायाची हमी मिळत नाही. अ‍ॅराबेलाचा तपासदेखील पुराव्याअभावी बंद होतो. तथापि ऐकून घेतले गेल्यामुळे तिला आपली गोष्ट लिहिता येते. क्वामे पोलीस ठाण्यातून उठून जातो, तेव्हा त्याची गोष्ट अर्धीच राहिलेली असते.