दंतरोपण आणि १२० मायक्रॉनांचा उसना निकष

दंतरोपणावर बसवावयाचे कृत्रिम दात ठसा, मेण व ओतकाम या जुन्या मार्गाने घडवावेत की स्कॅनर व संगणकाच्या साह्याने, या वादातील निबंधांत एक विधान वारंवार आढळते : दोन्ही पद्धतींत राहणारी फट १२० मायक्रॉनांच्या आत असल्याने दोन्ही ग्राह्य होत. हा निकष आला कोठून, याची चौकशी मात्र क्वचितच होते.

मॅक्लीन व फॉन फ्राउनहोफर यांनी तो १९७१ साली मांडला. त्यांनी तपासली ती नैसर्गिक दातांवर सिमेंटने बसविलेली कामे; संख्येने हजाराहून अधिक. कडेशी उघडे पडलेले सिमेंट झिजते, फटीत जंतू साचतात आणि दात किडतो, हे त्या आकड्यामागील भय. टायटॅनियम किडत नाही! फटीतील जंतूंनी हिरडीचा दाह होण्याचा धोका येथेही आहे, हे खरे. परंतु येथील मुख्य धोका निराळा असून त्याविषयी तो आकडा मुका आहे.

तो धोका ताणाचा. नैसर्गिक दात हाडाला तंतुमय बंधाने जोडलेला असल्यामुळे भाराखाली १०० मायक्रॉनांपर्यंत हलू शकतो. ब्रानेमार्क यांनी १९६५ मध्ये गोथेनबर्ग येथे पहिल्या रुग्णावर जो प्रयोग केला, त्याचे मर्म हाड व धातू यांच्या प्रत्यक्ष सांध्यात आहे. आणि असे रोपण जेमतेम काही मायक्रॉन हलते. म्हणून चार-सहा रोपणांवर एकसंध सांगाडा स्क्रूंनी आवळला, की घडणीतील चूक हालचालीत जिरत नाही. ती स्क्रू, पोर्सेलीन व हाड यांच्या वाट्याला येते. सह्य चूक किती? ब्रानेमार्क यांनी १९८३ मध्ये १० मायक्रॉन सांगितले, येम्ट यांनी १९९१ मध्ये १५०. पंधरापट अंतराचे हे दोन आकडे पाहिले, की उसन्या १२० चा मोह का पडतो ते कळते.

पारंपरिक पद्धतीत ठशाचे द्रव्य आकसते, जिप्सम फुगते, ओतलेला धातू निवताना पुन्हा आकसतो. एका दोषाने दुसऱ्याचे अंशतः निवारण करणे, हेच तंत्रज्ञाचे कसब. स्कॅनरचा दोष वेगळ्या जातीचा आहे. तो लहान लहान प्रतिमा टिपून त्या एकमेकींस जोडतो. एक-दोन दातांपुरते जोड थोडे असतात. तेथे डिजिटल पद्धत तोडीस तोड असून रुग्णाला सुखाची आहे, हे निःसंकोच मान्य करावे. दंतहीन जबड्यात मात्र गुळगुळीत, ओलसर हिरडीवर खुणेला जागा नसते, आणि प्रत्येक जोडाची चूक पुढच्या जोडात मिसळत दुसऱ्या टोकापर्यंत जाते. सर्व रोपणांची स्थाने तोंडाबाहेरील कॅमेऱ्यांनी एकत्रच निश्चित करणारी फोटोग्रामेट्री पुढे आली ती याच अडचणीतून. या भिन्न प्रसंगांची सरासरी काढून 'डिजिटल' नावाच्या एकाच स्तंभात घालणे म्हणजे प्रश्नच पुसून टाकणे होय.

मोजणीची रीतही संशयास्पद आहे. दोन पृष्ठभाग एकमेकांवर असे बसविले जातात, की एकूण विचलन किमान यावे. त्यामुळे एका टोकाची मोठी चूक साऱ्या कमानीवर वाटली जाते आणि सरासरी सोज्ज्वळ दिसते. स्क्रूला सरासरी कळत नाही. शिवाय असे कित्येक प्रयोग निर्जीव प्रतिकृतींवर झालेले असतात. तेथे लाळ नाही, जीभ नाही, रुग्णाचे हलणेही नाही.

एका टोकाचा स्क्रू आवळून दुसऱ्या टोकाला सांगाडा उचलला जातो काय, हे पाहण्याची जुनी परीक्षा ओबडधोबड खरी. पण ती प्रत्यक्ष सांध्यालाच प्रश्न विचारते. तुलनात्मक कोष्टकांत मायक्रॉनांशेजारी तिचा निकाल दिला गेला पाहिजे. या परीक्षेत धातूचा सांगाडा नापास झाला तर तो कापून पुन्हा सांधता येतो. झिर्कोनियाचा एकसंध सांगाडा तसा सांधता येत नाही, तो मुळापासून नवा करावा लागतो, आणि रुग्णाला पुन्हा खुर्चीत बसावे लागते.