भोसले, वामन

भोसले, वामन : (१९ एप्रिल १९३२–२६ एप्रिल २०२१). हिंदी चित्रपटसृष्टीतील अग्रगण्य संकलक. जन्म गोव्यातील पोंबुर्फा (ता. बार्देश) येथे. १९५२ मध्ये ते मुंबईस आले व बॉम्बे टॉकीजमध्ये संकलक डी. एन. पै यांच्या हाताखाली उमेदवारी करू लागले. पुढे फिल्मिस्तानमध्ये त्यांनी सुमारे बारा वर्षे साहाय्यक संकलक म्हणून काम केले. राज खोसला दिग्दर्शित ‘दो रास्ते’ (१९६९) हा त्यांच्या स्वतंत्र संकलनाचा पहिला चित्रपट. गुरुदत्त शिराळी (अभिनेते-दिग्दर्शक गुरुदत्त नव्हेत) यांचे नाव त्यांच्या बहुतेक महत्त्वाच्या चित्रपटांत त्यांच्या जोडीने येते. म्हणून पुढील विवेचनातील गुणदोष उभयतांचे मानावयास हवेत.

त्या काळी संकलन हे हातकाम होते. चित्र व ध्वनी यांच्या वेगवेगळ्या फिती मूव्हिओला यंत्रावर जुळवून पाहावयाच्या, नको तो भाग कापावयाचा व उरलेले तुकडे जोडावयाचे. सेकंदास २४ चौकटी या हिशेबात दोन-चार चौकटींचा फरकही नजरेस जाणवतो. हिंदी चित्रपटाच्या संकलकापुढे याशिवाय एक खास अडचण असे. अडीच-तीन तासांच्या कथानकात पाच-सहा गीते बसवावयाची आणि प्रत्येक गीतातून बाहेर पडताना सुटलेला कथेचा धागा पुन्हा हाती घ्यावयाचा. भोसले यांची गुणवत्ता याच सांध्यांवर प्रथम दिसून आली. ‘मेरा गाव मेरा देश’ (१९७१) या खोसलांच्या दरोडेखोरांवरील चित्रपटात गीते आणि मारामाऱ्या यांची रेलचेल असूनही कथेचा वेग टिकून राहतो.

त्यांचे सर्वांत मोलाचे काम मात्र गुलजार यांच्या चित्रपटांत आढळते. ‘मेरे अपने’ (१९७१) व ‘परिचय’ (१९७२) यांनंतरचा ‘अचानक’ (१९७३) हा गीतविरहित चित्रपट. पत्नी व मित्र यांचा वध करणारा, फाशीची शिक्षा झालेला आणि पळून जाताना जखमी झालेला सेनाधिकारी इस्पितळात आहे. डॉक्टर त्याला वाचवितात ते अखेर फासावर चढण्यासाठीच. हा विरोधाभास संवादांतून सांगितला असता तर भडक वाटला असता. येथे भूतकाळ एकगठ्ठा न येता रुग्णशय्येच्या आजूबाजूने तुकड्यातुकड्यांनी येतो आणि निर्णय प्रेक्षकावर सोपविला जातो. गीतांचा आधार नसताना हा तोल राखणे ही प्रामुख्याने संकलनाची कामगिरी होय. ‘आँधी’ व ‘मौसम’ (दोन्ही १९७५) यांतही वर्तमान व भूतकाळ यांची वीण आहे. ‘आँधी’त निवडणुकीच्या धामधुमीत, पती व्यवस्थापक असलेल्या हॉटेलात अनेक वर्षांनी उतरलेली राजकारणी स्त्री आहे. प्रचाराची गडबड आणि दोघांच्या भेटींतील शांतता यांच्या लयींतील तफावत हीच या चित्रपटाची खरी जमेची बाजू. आणीबाणीच्या काळात त्यावर आलेल्या बंदीमुळे त्याची राजकीय चर्चा एवढी झाली, की त्याच्या बांधणीकडे समीक्षकांचे दुर्लक्षच झाले.

राष्ट्रीय पारितोषिक त्यांना लाभले ते राज सिप्पी यांच्या ‘इन्कार’ (१९७७) साठी. जपानी दिग्दर्शक आकिरा कुरोसावा यांच्या १९६३ मधील एका चित्रपटावर आधारलेल्या या कथेत पादत्राणांच्या कारखानदाराच्या (श्रीराम लागू) मुलाऐवजी त्याच्या नोकराचा मुलगा पळविला जातो. पूर्वार्धातील कोंडी व उत्तरार्धातील शोध यांची गती भिन्न ठेवून ताण वाढवीत नेला आहे. पारितोषिक यथार्थ असले, तरी रहस्यपटात संकलन डोळ्यांना सहज दिसते आणि ‘अचानक’मध्ये ते दिसत नाही, हा भेद लक्षात घेण्याजोगा आहे.

सुभाष घई यांच्या ‘कर्ज’ (१९८०) मध्ये गिटारच्या एका धुनेने नायकास पूर्वजन्म आठवू लागतो. ही धून व हत्येची क्षणचित्रे यांची सांगड, तसेच रंगमंचावर तीच हत्या साकारली जात असताना खुनी स्त्रीच्या मुद्रेकडे परतणारे शॉट हे व्यावसायिक हिंदी संकलनाचे उत्तम नमुने होत. शेखर कपूर यांच्या ‘मि. इंडिया’ (१९८७) मध्ये नायक अदृश्य असतो व केवळ तांबड्या प्रकाशात दिसतो. त्याचे अस्तित्व आपोआप हलणाऱ्या वस्तू आणि दचकलेले चेहरे यांच्या अनुक्रमातूनच सिद्ध करावे लागते.

भोसले यांनी दोनशेहून अधिक चित्रपटांचे संकलन केले. एवढ्या व्यापात सर्वत्र सारखी कसोशी राहणे शक्य नव्हते. घईंच्या ‘सौदागर’ला (१९९१) फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, परंतु साडेतीन तासांच्या आसपासच्या या चित्रपटात दिग्दर्शकाच्या हौसेपुढे संकलकाची कात्री नमलेली जाणवते. याउलट ‘गुलाम’ (१९९८) मध्ये धावत्या आगगाडीसमोरून नायक उडी मारतो तो शॉट तुकडे न पाडता ठेवला आहे. तेथे कापले असते, तर धोका खरा वाटला नसता. उतारवयातही कोठे थांबावे याची त्यांची जाण शाबूत होती. मुंबई येथे त्यांचे निधन झाले.