दहा मिनिटांच्या मेणबत्त्या

ॲन फ्रँक हिची दैनंदिनी १९४७ साली डच भाषेत प्रथम प्रसिद्ध झाली. नाझी छळाची साक्ष म्हणून ती जगभर वाचली गेली, आणि ते योग्यच आहे. परंतु संकटात सापडलेल्या एका कुटुंबाच्या प्रार्थनेचे व सणवारांचे चित्रण म्हणूनही ती वाचावी, असे आम्हांस वाटते.

जुलै १९४२ मध्ये हे यहुदी कुटुंब ॲमस्टरडॅममधील एका कचेरीच्या मागील भागात लपले. पुढे तेथे एकूण आठ माणसे झाली. दिवसा पावलाचाही आवाज होऊ द्यावयाचा नाही, अशी ती कोंडी होती. डिसेंबरात हनुक्का हा यहुद्यांचा दीपोत्सव आला. मेणबत्त्यांची टंचाई असल्यामुळे त्या दहाच मिनिटे तेवल्या. गीत मात्र गाइले गेले. त्याच सुमारास संत निकोलसचा सण आला. ख्रिस्ती संताच्या नावाचा हा डच सण त्यांच्यापैकी कोणीही पूर्वी पाळला नव्हता. तरीही भेटवस्तूंची सजवलेली टोपली आली, आणि ॲन त्यातच अधिक रमली. पुढच्या वर्षी तसा थाट शक्य नव्हता. तेव्हा तिने व वडिलांनी प्रत्येकासाठी चार ओळी रचून त्या ज्याच्या त्याच्या बुटात ठेवल्या.

या दैनंदिनीवरून गुडरिच व हॅकेट यांनी लिहिलेले नाटक १९५५ साली रंगभूमीवर आले. त्यात ॲन सर्वांना भेटी देते ती हनुक्काच्या रात्री, पहिल्या अंकाच्या शेवटी. प्रसंग हृद्य आहे, आणि रंगभूमीची गरजही आम्ही जाणतो. परंतु मूळ लेखनातला सण अपुरा आहे, काहीसा उसना आहे. ताणाखाली जगणारी घरे सण असेच साजरे करतात. नाटकातील नीटस रचनेत हे सत्य हरवते.

लेखिकेचा प्रामाणिकपणा आणखी एका नोंदीत दिसतो. एप्रिल १९४३ मधील एका रात्री वडिलांना यावयास उशीर झाला, म्हणून आईने प्रेमाने विचारले, आज मी तुझी प्रार्थना ऐकू का? मुलीने नकार दिला. आईचे डोळे भरून आले. ॲनने हे लपविले नाही, की स्वतःस सोज्ज्वळ ठरविले नाही. कवितांनी आठजणांना एक संध्याकाळ हसविले. पण आई व मुलगी यांतील दुरावा प्रार्थनेच्या निमित्तानेही मिटला नाही.

४ ऑगस्ट १९४४ रोजी सर्वांस अटक झाली. आठांपैकी केवळ वडील जिवंत परतले. तेव्हा कौटुंबिक विधी म्हणजे संकटावरचा तोडगा, असा निष्कर्ष या पुस्तकातून कोणी काढू नये. बुटात ठेवलेल्या ओळींसाठी मात्र कोणीतरी प्रत्येक माणसाचा वेगळा विचार केला होता. आपल्या घरी संध्याकाळी रोझरीसाठी गुडघे टेकताना शेजारी बसलेल्या माणसाचा तेवढा विचार आपण करतो काय? वाचकांनी हे पुस्तक मुलांसह वाचावे, आणि ती एप्रिलची नोंद वगळू नये.