एका परिपत्रकाचे रसग्रहण

पुस्तकांचे परीक्षण करणाऱ्या विद्वानांच्या पंगतीत माझे पान कोणी मांडणार नाही, हे मला ठाऊक आहे. मी साधा बी. कॉम. कॉलेजात आमच्या वाट्याला जे वाङ्मय आले, ते अकाउंटन्सीच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानांवरच्या उत्तरांपुरते. आणि त्यातलीही निम्मी उत्तरे चुकीची छापलेली असत. पुढे बँकेत चिकटलो आणि वाचन अफाट वाढले. पण ते सगळे परिपत्रकांचे. गेल्या बावीस वर्षांत मी जितकी परिपत्रके वाचली, तितक्या कविता एखाद्या दिवाळी अंकाच्या संपादकाने साभार परतही पाठवल्या नसतील. तेव्हा परिपत्रक या वाङ्मयप्रकाराबद्दल चार शब्द बोलण्याचा अधिकार मला आहे, असे मी नम्रपणे समजतो.

ज्या कृतीचे परीक्षण आज योजले आहे, ती एप्रिल २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. लेखक, आमचे हेड ऑफिस. पृष्ठे दोन. विषय, घरून काम करताना कार्यक्षमता कशी टिकवावी. सूत्रे दहा. किंमत छापलेली नव्हती. ती मागाहून कळली.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. २५ मार्च २०२० पासून देश बंद झाला, पण बँका चालू होत्या. शाखांतली मंडळी तोंडाला फडके बांधून काउंटरवर बसत होती आणि जनधन खात्यात आलेले पाचशे रुपये काढायला बायाबापड्या उन्हात रांगा लावत होत्या. मी मात्र शाखेत नाही. मी हेड ऑफिसच्या रिकन्सिलिएशन विभागात. एका शाखेने पाठवलेली आणि दुसऱ्या शाखेने ओळख न दाखवलेली रक्कम, या दोघांची गाठ घालून देणे हे आमचे काम. थोडक्यात, वधूवर सूचक मंडळ. डोंबिवलीहून फोर्टात जायला लोकल उरली नव्हती; पण साहेब दूरदर्शी. त्यांनी २० मार्चलाच माझ्या हाती लॅपटॉप ठेवून ‘जपून वापरा’ म्हणून सांगितले होते. मुलगी सासरी पाठवतानाही बाप इतका हळवा होत नाही.

आता मूळ कृतीकडे वळतो. पहिले सूत्र : ‘कामासाठी घरात एक स्वतंत्र खोली निश्चित करावी.’

पहिल्याच ओळीत लेखकाची प्रतिभा दिसते. नसलेली वस्तू डोळ्यांपुढे उभी करणे यालाच प्रतिभा म्हणतात ना? आमचे घर ३८० चौरस फुटांचे, माणसे चार. हॉल अण्णांच्या ताब्यात. दूरदर्शनने २८ मार्चपासून ‘रामायण’ पुन्हा सुरू केले, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. नऊ म्हणजे नेमकी माझी लॉगइनची वेळ. अण्णा हात जोडून बसायचे आणि इकडे सांताक्रूझ शाखेचा फोन आला, की साहेबांना मागून शंखध्वनी ऐकू जायचा. स्वयंपाकघर ओघानेच हिच्याकडे. उरली बेडरूम. तिथे कपाट, मुलीची सातवीची पुस्तके आणि खिडकीपाशी हिचे शिलाई मशीन.

हे मशीन पायाचे. आमची ही आमच्या आणि शेजारच्या इमारतीतले ब्लाउज आणि फॉल-पिको करते. टाळेबंदीत ब्लाउज कोण शिवणार? नेसून जायचे कुठे? पण सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारले, ‘वहिनी, कापडी मास्क जमतील का?’ कापडाची दुकाने बंद. हिने कपाटाच्या तळातून हळदीकुंकवात आणि लग्नामुंजीत साठलेले ब्लाउजपीस बाहेर काढले. वीस वर्षे ज्यांचे काय करावे कळत नव्हते आणि जे फक्त एका घरातून दुसऱ्या घरात फिरत होते, त्या ब्लाउजपीसांचा एकदाचा उद्धार झाला. दहा रुपयांना एक मास्क. दिवसाला पन्नास सहज व्हायचे.

तर घरात टेबल म्हणावे अशी वस्तू एकच, ते मशीन. त्याचे डोके आत घातले आणि वर फळी टाकली, की लॅपटॉप बरोबर बसतो. मी हिला परिपत्रक वाचून दाखवले. ही म्हणाली, ‘‘घ्या की. तुमचं ऑफिसचं काम आहे. माझं काय, होईल रात्री.’’

ही शेवटची तीन वाक्ये ध्यानात ठेवा. परिपत्रकात ती नव्हती, पण परीक्षणात त्यांचे काम पडणार आहे.

चौथे सूत्र : ‘ऑफिसला जाताना करतो तसाच पोशाख करावा; त्याने मन कामाला तयार होते.’ मी पहिल्या दिवशी पँट, शर्ट, पट्टा असा जामानिमा करून बाहेर आलो. अण्णांनी टीव्हीवरची नजर काढून विचारले, ‘‘अरे, बाहेर पोलीस रट्टे देतायत. निघालास कुठे?’’ म्हटले, ‘‘बेडरूममध्ये.’’ अण्णांनी पुन्हा हात जोडले. रामाला की मला, ते कळले नाही. दुसऱ्या दिवसापासून वर शर्ट आणि खाली लेंगा असा समन्वय साधला. हे सूत्र कलात्मकदृष्ट्या सामान्य आहे.

सहावे सूत्र मात्र रसिकांनी जपून ठेवावे असे. ‘पंचवीस मिनिटे एकाग्र काम, मग पाच मिनिटे विश्रांती.’ मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, याला पोमोडोरो म्हणतात.’’ फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही युक्ती काढली. अभ्यासात लक्ष लागेना, म्हणून त्याने स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे टाइमर घड्याळ समोर ठेवले. पोमोडोरो म्हणजे इटालियनमध्ये टोमॅटो. आमच्याकडे टोमॅटो भाजीतच तेवढे, म्हणून मी कुकरच्या शिट्ट्यांवर सोय केली. डाळीच्या तीन शिट्ट्या होईतो सांताक्रूझ, भाताच्या दोन होईतो विलेपार्ले. तिसऱ्या दिवशी हिने आमटीऐवजी पिठले केले आणि माझ्या अकरा एन्ट्री उघड्या राहिल्या. पण एक गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. घड्याळ स्वयंपाकघरातून उचलले, कुकर स्वयंपाकघरातला घेतला. तिथे मुळात त्या घड्याळावर कोण काम करत होते आणि त्याला पाच मिनिटे विश्रांती कधी होती, हे ना इटलीत कोणी विचारले, ना डोंबिवलीत.

सातवे सूत्र : ‘आपल्या कामाच्या वेळा कुटुंबीयांना स्पष्ट सांगाव्यात व त्या वेळेत कोणीही व्यत्यय आणू नये.’ मी सांगितल्या. कोणी व्यत्यय आणला नाही. अण्णांनी आवाज कमी केला. मुलीने स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून अभ्यास केला. चहा अकरा वाजता न मागता माझ्या डाव्या हाताला यायचा.

परिणाम? ऑफिसात मी दिवसाला साठ एन्ट्री जुळवत असे. घरी पंच्याण्णव जुळू लागल्या. महिन्याने साहेबांची अभिनंदनाची ई-मेल आली. मी ती जेवताना मोठ्याने वाचली. हिने पोळी वाढता वाढता ‘‘छान’’ म्हटले आणि जांभई दिली. मला राग आला. रसिकता म्हणून नाही!

त्याच रात्री दीडच्या सुमारास पाणी प्यायला उठलो. हॉलच्या कोपऱ्यात मशीन चालू होते. रात्री हळूच ओढून तिथे नेलेले. अण्णांची झोप मोडू नये म्हणून खाली सतरंजीची चौपदरी घडी घातली होती आणि दिव्यावर वर्तमानपत्राची टोपी. मला पाहून ही दचकली. ‘‘आवाज येतोय का? झालंच, अकरा राहिलेत.’’

मी पाणी न पिताच परत फिरलो. झोप आली नाही. कारकुनाला झोप आली नाही तर तो हिशेब करतो.

परिपत्रकाच्या शेवटी एक आकडा ठळक छापला होता : घरून काम करणाऱ्यांची कार्यक्षमता तेरा टक्क्यांनी वाढते. बँकेतल्या माणसाला टक्का दिसला की व्याज कोण भरते हे बघायची खोड असते. दुसऱ्या दिवशी मुलीला हाताशी धरून मूळ प्रयोग शोधून काढला. तो स्टॅनफर्डचे प्राध्यापक निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २०१५ साली प्रसिद्ध झालेला. शांघायच्या सीट्रिप या प्रवासकंपनीतली फोनवर बोलणारी मंडळी. ज्यांची जन्मतारीख सम, ते आठवड्यातले चार दिवस घरून. विषम, ते ऑफिसात. नऊ महिने. (माझी तारीख १७. शांघायला असतो तर सुटलो असतो.) तेरा टक्के काम खरेच वाढले. पण त्यातला मोठा वाटा, सुमारे नऊ टक्के, हा कमी वेळा जागेवरून उठल्याने आणि कमी रजा घेतल्याने, म्हणजे जास्त मिनिटे बसल्याने आला. प्रयोगानंतर मुभा मिळाली, तेव्हा घरून काम केलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे पुन्हा ऑफिसात गेले. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट : प्रयोगात घ्यायचे तर घरी स्वतंत्र खोली असण्याची अट होती. म्हणजे आमच्या परिपत्रकाने निकाल उचलला आणि अट आम्हालाच पहिले सूत्र म्हणून परत पाठवली!

तौलनिक समीक्षेशिवाय परीक्षण पुरे होत नाही म्हणतात. म्हणून आमच्या बी. कॉम. च्या व्यवस्थापनाच्या पुस्तकात भेटलेल्या पार्किन्सन साहेबांनाही बोलावतो. सी. नॉर्थकोट पार्किन्सन हे पेशाने इतिहासकार. १९५५ साली लंडनच्या ‘इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकात त्यांनी सिद्धांत मांडला, की हाताशी जितका वेळ असेल तितके काम फुगत जाते. दाखला म्हणून त्यांनी घरी बसलेली एक निवांत म्हातारी घेतली. भाचीला एक पोस्टकार्ड धाडायचे, तर कार्ड शोध, चष्मा शोध, पत्ता शोध, छत्री न्यावी का याचा विचार कर, असा तिचा अख्खा दिवस जातो. कामात असलेल्या माणसाला हेच काम तीन मिनिटांचे, असा टोला. वाचताना मी खूप हसलो होतो. हसणाऱ्याच्या विसाव्या वर्षी सगळ्या म्हाताऱ्या निवांतच दिसतात. पार्किन्सन साहेब एकदा डोंबिवलीला आले असते, तर त्यांना उलटा सिद्धांत मांडावा लागला असता : घरात काही माणसे अशी असतात, की काम जितके असेल तितका त्यांचा वेळ ताणत जातो, आणि कमी पडला तर झोपेतून कापला जातो.

ही माणसे घरून काम करायला २०२० साली लागलेली नाहीत. १९५९ मध्ये गिरगावात सात बायांनी उसन्या ऐंशी रुपयांवर गच्चीत पापड लाटायला घेतले, त्याचे पुढे लिज्जत झाले. आजही बाया केंद्रातून पीठ घरी नेतात, पापड लाटून परत आणून देतात. पापड वाळतात, तेवढ्यात डबे होतात, पोरांच्या शाळा होतात, सासऱ्यांची औषधे होतात. घरून काम करताना कार्यक्षमता कशी टिकवावी हे ज्यांना विचारायचे, त्या इथे चर्नी रोडला सापडल्या असत्या. आमच्या हेड ऑफिसपासून पायी अर्धा-पाऊण तास.

आता निर्णय. परीक्षकाने कृतीचे गुणदोष सांगावेत असा संकेत आहे. गुण : भाषा स्वच्छ, सूत्रे आटोपशीर, टायपिंगच्या चुका फक्त दोन. दोष एकच, पण अकाउंटन्सीच्या पहिल्या धड्यातला. ही सगळी कृती एकेरी नोंदीची आहे. जमेची बाजू तेवढी लिहिली. प्रत्येक जमेला कुठेतरी नावे पडतेच, हे बी. कॉम. च्या पोराला कळते. माझ्या जमेला पस्तीस एन्ट्री, समोर कोण? मी वहीत लिहून काढले. हिचे मास्क दिवसाला पन्नासाचे पंचवीसवर आले होते. झोप चार तासांवर. पोरगी उंबऱ्यावर, अण्णा हळू आवाजात. बँकेत ज्या रकमेचा धनी लावता येत नाही, ती आम्ही उचंत खात्यात टाकतो. ‘माझं काय, होईल रात्री’ हे आमच्या घरचे उचंत खाते. वीस वर्षांत कोणी उघडून बघितले नव्हते. आणि मी तर रिकन्सिलिएशनचा माणूस! कार्यक्षमता वाढली नव्हती. ती एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वर्ग झाली होती, इतकेच.

मशीन खिडकीपाशी परत नेले. ही म्हणाली, ‘‘अहो, मग तुम्ही बसणार कुठं?’’ अण्णांनी माळ्यावरून आजोबांचे उतरते डेस्क काढायला लावले. आजोबा भुसारी पेढीवर दिवाणजी होते. त्यांनी त्या डेस्कवर जन्मभर मांडी घालून खतावण्या लिहिल्या. पाच वाजता उठून, ‘रामायण’ लागेपर्यंत जमतील तेवढ्या एन्ट्री करायच्या, मग कुकर लावायचा, मग उरलेल्या, असे ठरले. पहिल्या दिवशी डाळीत पाणी घालायचे विसरलो. त्या शिट्ट्या झाल्याच नाहीत, आणि माझे पोमोडोरो दोन तास चालले.

एन्ट्री अडुसष्टवर आल्या. मास्क पंचावन्न झाले. महिनाअखेर साहेबांची ई-मेल आली : कार्यक्षमतेत घट का झाली, याचा खुलासा करावा.

मी बराच विचार करून एका ओळीत खुलासा केला : ‘चुकून माझ्या खात्यात जमा झालेली रक्कम मूळ खातेदारास परत केली आहे.’

साहेब जुने बँकर. त्यांनी फक्त ‘नोंद घेतली’ असे कळवले.