सरहद्दीवरील मोटारप्रवास : एका टिपणवहीचें परीक्षण

सोलापुरांतील एका सुविद्य दांपत्यानें आपल्या मोटारप्रवासाची हस्तलिखित टिपणवही आमच्याकडे अभिप्रायार्थ पाठविली आहे. त्यांच्या इच्छेस मान देऊन नांवें देत नाहीं. सोलापूर, नळदुर्ग, परंडा, माचणूर व विजापूर हीं पांच स्थळें त्यांनीं एका आठवड्यांत पाहिलीं. तत्पूर्वीं तें अमेरिकेंत मुलाकडे गेलें असतां तेथील जुन्या सरहद्दीवरील ठाणीं, विशेषतः वायोमिंग संस्थानांतील फोर्ट लॅरमी, अशीच मोटारीनें पाहून आलें होतें. तेथें मनांत ठसलेली सरहद्दीची कल्पना त्यांनीं आपल्या मुलखास लावून पाहिली आहे. वहीचा विशेष तो हाच, आणि आमच्या मतें दोषही त्यांतच आहे.

प्रथम गुण सांगणें न्याय्य होय. प्रत्येक मुक्कामाच्या नोंदींत 'वाचलें' व 'ऐकिलें' अशीं दोन सदरें पाडिलीं आहेत. शिलालेखाचा आधार कोठें आणि वाटाड्याची दंतकथा कोठें, हें त्यामुळें तत्काळ कळतें. ही शिस्त पुष्कळ छापील ग्रंथांतही आढळत नाहीं. शिवाय सीना, बोरी व भीमा यांच्या कांठचा हा पट्टा त्यांनीं सलग पाहिला. रुमालांतील कागद चाळण्यांत जन्म घालविणाऱ्या आमच्यासारख्यांस किल्ल्याकिल्ल्यांतील अंतर केवळ अंकांनीं ठाऊक असतें.

आतां दोष. एका अंगास वस्ती, दुसऱ्या अंगास मोकळें रान, आणि रेषा सारखी पुढें सरकत जाणारी, अशी सरहद्द वहींत सर्वत्र गृहीत धरिली आहे. ही कल्पना अमेरिकेची. १८९० च्या खानेसुमारीनें तशी रेषा उरली नसल्याचें जाहीर केलें व १८९३ मध्यें टर्नर यानें त्यावर आपला प्रसिद्ध सिद्धांत उभारिला. परंतु ती खुद्द तेथेंही पुरती खरी नाहीं. फोर्ट लॅरमी हें १८३४ त व्यापारी ठाणें म्हणून वसलें, १८४९ त सरकारी फौजेनें विकत घेतलें आणि १८६८ त लाकोटा आदि लोकांशीं तेथेंच तह झाला. ओसाड रानाशीं तह कोण करितो?

आमच्या मुलखांत तर रेषेच्या दोन्ही बाजूंस दरबार होते. १५२४ त इस्माइल आदिलशहाची बहीण बुऱ्हाण निजामशहास दिली, तो विवाह सोलापुरींच झाला. त्या वेळीं आंदण म्हणून कबूल केलेलें सोलापूर विजापूरकरांनीं हवालीं केलें नाहीं, व त्यावरून युद्ध पेटलें, असें फेरिश्ता सांगतो. पुढें राक्षसतागडीच्या १५६५ च्या लढाईपूर्वीं चांदबिबीच्या विवाहांत तेंच सोलापूर अहमदनगरकडून विजापुरास आंदण गेलें. १६३६ च्या तहानें तें पुन्हा विजापुरास मिळालें आणि १६६८ त मोंगलांकडे गेलें. ही रेषा एकाच दिशेनें सरकत नव्हती. ती मागेंपुढें होत होती.

या एकांगी दृष्टीमुळें एक ढोबळ चूक घडली आहे. विजापूरच्या मुलुखमैदान तोफेस वहींत 'आदिलशाही तोफ' म्हटलें आहे. वास्तविक ती १५४९ त अहमदनगरीं महंमद बिन हसन रुमी यानें ओतली. पुढें ती परंड्यास होती व तेथून १६३२ त मुरारपंतानें विजापुरास नेली. १६८६ त विजापूर पडल्यावर औरंगजेबानेंही तिजवर आपला लेख कोरविला. परंडा व विजापूर हीं दोन्ही स्थळें पाहूनही त्यांतील हा दुवा दांपत्याच्या ध्यानांत आला नाहीं, याचें आम्हांस वाईट वाटतें.

नळदुर्गास 'रानांतील ठाणें' म्हणणेंही तसेंच. बोरी नदीवर धरण बांधून त्याच्या पोटांत पाणीमहाल काढणें, हें दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या वेळचें १६१३ मधील काम भयभीत शिबंदीचें नव्हे. आणि माचणुराजवळ ब्रह्मपुरीस औरंगजेबाची छावणी १६९५ पासून १६९९ पर्यंत होती. म्हणजे भीमेचा कांठ तेवढा काळ पातशाहीचें मुख्य ठिकाणच झाला होता.

एक कबुली दिली पाहिजे. सोलापूर हें चांदबिबीचें आंदण, एवढेंच आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें शिकवीत आलों. १५२४ चा न पाळलेला करार आम्हीं कधीं सांगितला नाहीं. कारण चांदबिबीची कथा मुलांस रुचे. तेव्हां एकांगीपणाचा दोष दुसऱ्याच्या पदरीं घालतांना आमचाही हात थोडा थरथरतो.

वही टाकाऊ नाहीं. ती दुरुस्त होऊन मंडळाच्या दप्तरीं यावी. दोन सदरांस 'पलीकडून' असें तिसरें सदर जोडावें, व प्रत्येक किल्ला शत्रूच्या बाजूनें कसा दिसला असेल तें त्यांत लिहावें. या पट्ट्यांतील देशमुख-देशपांडे घराण्यांचे कागद ज्या वाचकांजवळ असतील, त्यांनीं त्यांच्या नकला दांपत्यास दाखवाव्या, ही विनंति. त्यांच्याजवळ मोटार आहे, आपल्याजवळ कागद आहेत. दोहोंची गांठ पडली पाहिजे.