फोन कुणाचा, माप कुणाचं

गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला मुलगा दारात उभा राहतो आणि म्हणतो, "काकू, कोड सांगा." कोड जातो ह्यांच्या फोनवर. हे दुकानात, समोर गिऱ्हाईक, फोन गल्ल्यात. मी माझ्या फोनवरून त्यांना फोन लावते, ते उचलत नाहीत, मुलगा घड्याळ बघतो. तीस वर्षं स्वयंपाकघर मी सांभाळते. पण गॅसच्या कागदावर नंबर त्यांचा, कारण कनेक्शन घेतलं तेव्हा माझ्याकडे फोनच नव्हता. पुढे फोन आला, नंबर मात्र तोच राहिला.

गेल्या दिवाळीत हा प्रकार सुनेच्या देखत झाला. ती बेंगळुरूला प्रॉडक्ट मॅनेजर आहे. मला वाटलं हसेल, पण तिनं वही काढून चक्क लिहून घेतलं. "आई, हे आमच्या लक्षातच येत नाही," म्हणाली. जाताना दोन इंग्रजी पुस्तकं माझ्या उशाशी ठेवून गेली. मी बी.ए. मराठीची, संगणकातलं काही कळत नाही. तरी वाचली, काही पानं दोनदा वाचली. त्यांच्याबद्दल हे थोडं लिहिते आहे.

आधी प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण आपल्या मंडळात निम्म्या जणींच्या सुना-मुली हेच करतात आणि आपण "कंप्युटरमध्ये आहे" एवढंच सांगतो. लग्नघरात एक बाई असते बघा. ती आचारी नसते, मांडव घालत नाही, दागिनेही घडवत नाही. पण कुणाला काय, आधी काय, किती पानं, कुणाला तिखट चालत नाही, हे तिला माहीत असतं आणि चुकलं तर बोलणी तिला बसतात. फोनवरच्या एखाद्या सोयीच्या बाबतीत हे काम करते ती प्रॉडक्ट मॅनेजर. ही सोय देशोदेशी जाणार असेल, तर पंगतीत कोण बसणार हे आधी ठरवावं लागतं, आणि भांडण नेमकं तिथंच आहे.

पहिलं पुस्तक ॲनी जीन-बाप्टिस्ट यांचं, 'बिल्डिंग फॉर एव्हरीवन', २०२० सालचं. बाई कृष्णवर्णीय अमेरिकन, आईवडील हैतीहून आलेले. पुस्तक लिहिलं तेव्हा त्या गूगलमध्ये वस्तू सगळ्यांसाठी कशी करावी हे पाहणाऱ्या विभागाच्या प्रमुख होत्या. पुस्तक कामाचं आहे, हे आधी मान्य करते. कल्पना सुचते तेव्हा, माणसांना विचारून आराखडा करताना, तयार वस्तू तपासताना आणि शेवटी जाहिरात करताना, अशा चार जागी वगळली गेलेली माणसं आत घ्यायची, असं त्या सांगतात. त्यातली तपासणीची गोष्ट मला आवडली. बोलून उत्तर देणारा गूगलचा असिस्टंट बाहेर पडण्याआधी कंपनीतल्याच निरनिराळ्या रंगांच्या, गटांच्या लोकांना बसवलं आणि सांगितलं, याला वाकडंतिकडं विचारा, हा कुणाचा अपमान करतो का बघा. पाहुण्यांना वाढण्याआधी घरातल्या सगळ्यांत खोडकर माणसाला चव द्यावी, तसं. खोडकर माणूस कुठली उणीव सोडत नाही.

पण पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच, उपशीर्षकात, बाजारपेठ वाढवा असं आहे, आणि तो सूर शेवटपर्यंत सुटत नाही. या लोकांना आत घ्या, कारण यांच्याकडे पैसा आहे, यांची संख्या वाढते आहे. सुनेचं म्हणणं असं, की आई, मीटिंगमध्ये असंच बोलावं लागतं, नाहीतर पैसे मंजूर होत नाहीत. ते मला समजतं. मीसुद्धा ह्यांच्याकडून मिक्सर घेताना "माझे हात दुखतात" असं म्हणाले नव्हते, "वेळ वाचेल, दुकानात लक्ष घालता येईल" असं म्हणाले होते. पण ही युक्ती आहे हे मला ठाऊक होतं. पुस्तकात युक्तीच तत्त्व होऊन बसली आहे, अशी माझी तक्रार आहे.

या युक्तीनं काय होतं ते सांगते. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये सासूबाई उजळ दिसतात आणि त्यांच्याशेजारी मी काळीठिक्कर, नाकडोळे नसलेली. मी सावळी आहे, पण इतकी नाही. इतकी वर्षं मी तो फोटोग्राफरचा दोष समजत होते. नंतर कळलं, की रंगीत फोटो छापताना रंग जुळवायला प्रयोगशाळांत एक कार्ड वापरत, त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो असे. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची कातडी नीट उमटली की रंग बरोबर. फिल्म पुढे सुधारली; पण जोराची ओरड कुणाची होती? चॉकलेट विकणाऱ्यांची आणि लाकडी सामान विकणाऱ्यांची. त्यांच्या जाहिरातीत एक तपकिरी दुसऱ्या तपकिरीहून वेगळा दिसेना. म्हणजे कपाटाचा रंग आधी ऐकला गेला आणि त्या वाटेनं माझी कातडी आत आली. बाजाराच्या दारानं आत गेलं की क्रम असा लागतो. जीन-बाप्टिस्टबाईंना हे कळत नसेल असं मी म्हणणार नाही, त्या रंगाचं दुःख त्यांना माझ्याहून जास्त माहीत. म्हणूनच पुस्तकात ते दुःख इतकं आवरून घेतलेलं दिसतं याचं वाईट वाटलं.

दुसरं पुस्तक कॅट होम्स यांचं 'मिसमॅच', २०१८ सालचं. होम्सबाई मायक्रोसॉफ्टमध्ये अशाच कामाच्या प्रमुख होत्या. पुस्तक लहानसं, आणि लिहिणारीला लिहिता येतं. अपंगत्व माणसाच्या अंगात नसतं, माणूस आणि वस्तू यांच्यात जे जुळत नाही त्यात असतं, हा त्यांचा मुद्दा. अमेरिकन हवाई दलाची एक जुनी हकीकत त्या सांगतात. १९५० च्या सुमारास गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण संशोधकानं ४,०६३ वैमानिकांची मापं पाहिली. विमानातली बसायची जागा 'सरासरी' माणसाच्या मापाची केलेली होती. उंची, छाती, हाताची लांबी, अशा दहा मापांत सरासरीच्या जवळपास बसणारे किती? एकही नाही. मग खुर्ची पुढेमागे सरकेल अशी करायला लागले. रेडिमेड ब्लाऊज घेणाऱ्या कुठल्याही बाईला या गोष्टीचं आश्चर्य वाटणार नाही. छातीला बसला तर दंडात बसत नाही. आपण टेलरकडे जाऊन माप देतो, म्हणून आपला संताप कधी हवाई दलापर्यंत पोचला नाही, इतकंच.

होम्सबाई जिथं काम करत होत्या तिथलं एक चित्र आता जगभर शिकवतात. एक हात नसलेला माणूस, हात प्लॅस्टरमध्ये असलेला माणूस, आणि एका हातावर बाळ घेतलेली व्यक्ती. एकासाठी केलेली सोय तिघांना उपयोगी पडते. चित्र गोड आहे, पटतंही. माझी आत्या शेवटची नऊ वर्षं उजव्या अंगानं अधू होती. तिला जवळून पाहिलं असल्यानं या चित्रापाशी मी अडले. बाळ खाली ठेवता येतं, प्लॅस्टर दीड महिन्यात निघतं. तिघांना एका ओळीत उभं केलं, की ऐकणारा साहजिकच बाळाकडे बघतो, कारण तो अनुभव त्याचा आहे, आणि हात नसलेला माणूस ओळीच्या टोकाला निमित्तापुरता उरतो. आत्याला एका हातानं वेणी घालता यायची नाही. तिची सोय आणखी दहा जणींना उपयोगी पडेल का, हे सिद्ध होईपर्यंत तिनं थांबायचं का? एवढ्या एका ठिकाणी होम्सबाईही नकळत बाजाराचीच भाषा बोलतात. बाकी पुस्तकात त्या आधी वगळलं जाण्याच्या दुःखाशी थांबतात, मग उपायाकडे जातात. म्हणून दोन्हींत मला हेच उजवं वाटलं.

इथं आपल्यापैकी कुणीतरी म्हणेल, हा तर आपला अनेकांतच झाला. मला हे सोपं साम्य मान्य नाही. एकाच वस्तूकडे अनेक बाजूंनी पाहता येतं, हे अनेकांत सांगतो. पाहायला कुणाला बोलावलं होतं, हा प्रश्न वेगळा आहे. बोलावणं आलं तरी अर्धंच असू शकतं. विमानात जैन जेवणाला 'व्हीजेएमएल' असा वेगळा कोड आहे, एवढ्याशा समाजासाठी! कंदमूळ नसतं, चोख असतं. फक्त ते येतं रात्री साडेनऊला. मी काय खाते हे त्यांना माहीत आहे, कधी खाते हे नाही. फोनमध्ये साडीचं चित्र २०१९ मध्ये आलं, तेव्हा सुनेनं मला मुद्दाम पाठवलं. त्याच यादीत कांदा आणि लसूणही आले, हे तिनं नंतर हळूच सांगितलं.

आता मूळ गोष्टीकडे येते. दोन्ही पुस्तकं मिटली तरी माझा गॅसचा कोड ह्यांच्या गल्ल्यातच होता. या बायकांनी वापरणारा कसा असतो हे केवढं तरी रुंद केलं, रंग, वय, भाषा, हात-पाय, सगळं आत आणलं. पण वापरणारा म्हणजे एक माणूस आणि त्याचा एक फोन, हे मात्र हललं नाही. प्रमुखपदी बाई आली की बायकांची अडचण आपोआप दिसते असं आपण धरून चालतो. माझी सून बाईच आहे. तिच्या हातात कॉलेजपासून स्वतःचा फोन, स्वतःचं खातं. दारातला तो मुलगा बघेपर्यंत तिलाही हे सुचलं नव्हतं.

मी हे बोलल्यावर तिनं एक शोधनिबंध छापून पाठवला. नित्या संबासिवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २०१८ चा. तेव्हा त्या गूगलमध्ये संशोधन करत होत्या. भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश इथल्या १९९ बायकांशी सविस्तर बोलून लिहिलेला. विषय एकच, घरात सगळे हाताळतात त्या फोनवर बाई आपलं खाजगी कसं राखते. फोनला कुलूप, एखाद्याच ॲपला कुलूप, फोन कुणाच्या हातात देण्याआधी नेमका एखादा निरोप पुसणं, सगळंच पुसणं, खूण न ठेवता बघणं, नाहीतर ते बघणंच टाळणं. या बायकांचं लपवणं म्हणजे पाप नव्हे, घरात भांडण न होऊ देता थोडी जागा ठेवणं आहे, हे त्या लिहितात. दोन्ही पुस्तकांत मला जे सापडलं नाही ते या पंधरा-वीस पानांत सापडलं, कारण ही मंडळी घराघरांतल्या बायकांचं ऐकायला गेली आणि फोन कितीजणांच्या हातून फिरतो ते विचारलं.

वाचताना मी स्वतःला त्या १९९ बायकांत शोधत होते. मधल्या पानावर लक्षात आलं, की मी त्यांच्यातली नाही, त्या जिच्यापासून लपवतात तिच्यातली आहे. सून नवीन आली तेव्हा तिचा फोन टेबलावर वाजला की मी उचलून बघत असे. कुणाचा आहे, एवढंच. माझ्या मनात काही नसायचं, निदान मी तसं समजत होते. दोन-तीन महिन्यांनी तिच्या फोनला अंगठा लागायला लागला. मला वाटलं कंपनीचा नियम असेल. मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

परवा फोनवर मी तिला म्हटलं, "अगं, तो निबंध वाचला. तू मुद्दाम पाठवलास का?" ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, "नाही हो आई, गॅसवरून आठवला म्हणून." मी पुढे काही विचारलं नाही. दशलक्षणात ती चार दिवस येणार आहे, तेव्हा मंडळात बायकांना हे सगळं मराठीत सांग, इंग्रजी पुस्तकं इथं कोण वाचणार, असं म्हटलं. तिनं होकार दिला. वर म्हणाली, "पण आई, सासवा असतील ना समोर?"

"असतील की," मी म्हटलं. "पहिल्या रांगेत."

गॅसच्या ऑफिसात जाऊन नंबर मात्र अजून बदलायचा आहे. त्यासाठी ह्यांची सही लागते.