हाडांना लावलेला कान

मंगळवेढ्याचे नाव काढले की मराठी माणसाला दामाजीपंतांनी दुष्काळात उघडलेली कोठारे आठवतात, कान्होपात्रा आठवते आणि चोखोबांच्या अंगावर कोसळलेले गावकूस आठवते. शके १२६० मध्ये, म्हणजे इ. स. १३३८ साली, कुसाचे काम चालू असताना भिंत ढासळली आणि तिच्याखाली इतर मजुरांबरोबर संत चोखामेळाही गाडले गेले, असे परंपरा सांगते. पुढची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. नामदेव मंगळवेढ्यास आले. ढिगाऱ्यात अनेकांची हाडे एकमेकांत मिसळून गेली होती. नामदेवांनी एकेक हाड उचलून कानाशी लावले, ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून वेगळी केली आणि पंढरपुरास नेऊन महाद्वारासमोर त्यांना समाधी दिली.

या आख्यायिकेचे आजवर मुख्यतः दोन अर्थ लावले गेले. वारकरी भाविकाच्या दृष्टीने ती नाममाहात्म्याची कथा आहे. नाम अस्थींपर्यंत मुरले, मृत्यूलाही ते पुसता आले नाही. दुसरा अर्थ आधुनिक काळाने दिला. जे कूस गावाचे रक्षण करते त्याच्या बाहेर ज्याला राहावे लागले, त्याच कुसाखाली तो मेला, आणि मेल्यावरही त्याला जागा मिळाली ती देवळाच्या दारापुढे, आत नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेला ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला, त्यामागे हेच भान असावे. दोन्ही अर्थ मला मान्य आहेत. परंतु दोन्हींत वाचकाची नजर हाडांवर खिळलेली असते. हाडाला लावलेल्या कानाकडे ती फारशी जात नाही. या लेखात मला त्या कानाविषयी लिहावयाचे आहे.

याला कारण माझा व्यवसाय आहे. ज्यांचा आजार बरा होणार नाही अशा रुग्णांच्या वेदना कमी करणे हे माझे काम. वैद्यकात त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मराठीत उपशामक शुश्रूषा म्हणता येईल. माझ्या रुग्णांत निवृत्त सैनिक बरेच असतात. कूस राखणाऱ्याचे दुखणे गावाने ऐकले का, हा मंगळवेढ्याच्या कथेतला प्रश्न त्यामुळे माझ्यापुढे रोज उभा राहतो. कूस तेवढे आता देशाच्या सीमेवर असते.

एक उदाहरण देतो. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातले एक गाव. ज्वारी निसवली होती. ओसरीवर खाटेवर एक वृद्ध माजी सैनिक पडून होते. कर्करोग पाठीच्या मणक्यांत आणि कमरेच्या हाडांत पसरलेला. आमच्या शास्त्रात वेदना मोजण्याची एक साधी रीत आहे : शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे असह्य, यातला आकडा रुग्णाने सांगावयाचा. मी विचारले. ते म्हणाले, “दोन, साहेब.” त्यांच्या पायाची बोटे मात्र आत वळून घट्ट आवळलेली होती. उंबऱ्यात उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी हलक्या आवाजात म्हणाल्या, “रात्री तोंडात पंचा धरत्यात, डॉक्टर.” मी प्रश्न बदलला. “तुमच्या जोडीच्या जवानाला असं दुखलं असतं, तर त्याच्या वतीनं तुम्ही किती आकडा सांगितला असता?” ते थोडा वेळ आढ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “आठ.”

मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन रात्री ते झोपले. तिसऱ्या भेटीत, मी काही न विचारता, ते एका चौकीवरच्या रात्रीविषयी बोलू लागले. एका सोबत्याला मागे ठेवून माघार घ्यावी लागली होती. हुकूम तसा होता. “सुट्टीवर आलो तरी त्याच्या घरी कधी गेलो नाही, साहेब. त्याच्या आईला काय सांगणार?” हे घरात कोणाला ठाऊक नव्हते. मी ऐकत राहिलो. बोलण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते.

हा माणूस ‘दोन’ का म्हणाला? शिस्तीमुळे, हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. सैनिकाने कसे मरावे याचा एक नमुना आपल्या वाङ्मयाने आणि शिल्पाने शतकानुशतके घडवला आहे. त्या नमुन्यात दुखण्याला जागाच नाही.

गावोगावच्या देवळांपाशी उभे असलेले वीरगळ पाहावेत. वीरगळ खालून वर वाचावयाचा असतो. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर. तिच्या वर त्याला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा. त्याहून वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर. आणि माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे ही कीर्ती चंद्रसूर्य असेतो टिकेल. रचना नेटकी आहे. परंतु रणांगण आणि कैलास यांच्यामध्ये खाट कोरलेली नाही. जखमी झाला पण मेला नाही, परत आला, शेती केली, मुलींची लग्ने केली, आणि पंच्याहत्तराव्या वर्षी अंथरुणाला खिळला, अशा सैनिकासाठी शिल्पकाराने चौकट ठेवलेली नाही. पुढे पोवाडा आला, शालेय पुस्तकांतले धडे आले, चित्रपट आले. चौकटी त्याच राहिल्या. ‘वालाँग : एका युद्धकैद्याची बखर’ या श्याम चव्हाण यांच्या पुस्तकासारखे अपवाद आहेत. तेथे १९६२ सालच्या पराभवाला आणि कैदेला शब्द मिळाले. परंतु म्हाताऱ्या सैनिकाची मरणशय्या हा विषय मराठी साहित्याला अजून पुरतेपणी दिसलेला नाही, असे माझे मत आहे.

येथे कोणी भीष्मांचे नाव घेईल आणि ते रास्तच आहे. अंथरुणावर दीर्घकाळ मरत पडलेला वृद्ध योद्धा आपल्या परंपरेत आहे, आणि त्याची शय्या तर बाणांचीच आहे. पण लोकमानसाने त्या प्रसंगातले काय उचलले ते पाहावे. शल्ये काढण्यात निष्णात असे वैद्य भीष्मांकडे आणले गेले, तेव्हा त्यांचा सत्कार करून त्यांना परत पाठवा, असे भीष्मांनी सांगितले. मऊ उशा आणल्या त्या नाकारल्या; अर्जुनाने बाणांची उशी दिली ती स्वीकारली. कीर्तनांतून आणि चित्रांतून हेच भीष्म आपल्यापर्यंत पोचले. माझ्या रुग्णाचा ‘दोन’ हा आकडा याच शरशय्येवरून आलेला आहे.

मात्र महाभारत तेथे थांबत नाही. शांतिपर्वात, युधिष्ठिराला धर्म सांगण्याची वेळ येते तेव्हा, हेच भीष्म कृष्णाला सांगतात की बाणांच्या वेदनांनी माझे अंग पोळते आहे, बुद्धी स्थिर नाही, वाणी चालत नाही. अशा स्थितीत मी काय बोलणार? त्यावर कृष्ण त्यांना वर देतो की दाह, मूर्च्छा, पीडा, तहान, भूक यांचा त्रास तुम्हाला होणार नाही. त्यानंतरच भीष्म बोलू लागतात. अर्थ उघड आहे. वेदना शमल्यावाचून शहाणपण बोलू शकत नाही, ही गोष्ट व्यासांच्या ग्रंथात स्वच्छ नोंदलेली आहे. आपण वैद्यांना परत पाठवणारे भीष्म लक्षात ठेवले आणि ‘मला दुखते आहे’ असे म्हणणारे भीष्म विसरलो. ही निवड ग्रंथाची नव्हे, आपली आहे. त्या ओसरीवर आधी गोळी लागू पडली आणि मग चौकीवरची रात्र बोलली, हा क्रम मी प्रथम तेथे पाहिला आणि नंतर शांतिपर्वात ओळखला.

वैद्याने जुने काव्य असे रुग्णाच्या उशाशी बसून वाचावे, हे नवे नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करता करता होमरचे ‘इलियड’ वाचले आणि १९९४ साली ‘अकिलिज इन व्हिएतनाम’ हा ग्रंथ लिहिला. जे योग्य म्हणून मानले त्याचाच अधिकाऱ्यांकडून भंग झाला की सैनिकाच्या शीलालाच जखम होते, आणि ही जखम भरावयाची तर ती विश्वासू श्रोत्यांपुढे सांगता आली पाहिजे, हे त्यांचे प्रतिपादन. ग्रंथाचा रोख मुख्यतः जगत राहणाऱ्या सैनिकांवर आहे. मरणाच्या दारातल्या सैनिकाला श्रोत्याची वाट पाहण्याइतका अवधी नसतो, एवढी भर मी माझ्या अनुभवातून घालीन.

आता आपल्या घराकडे वळू. मरणासन्नांची आधुनिक शुश्रूषा आणि आपली ख्रिस्तसभा यांचा संबंध जवळचा आहे. डॉ. सिसिली साँडर्स यांनी लंडनमधील हॅक्नी येथे धर्मभगिनींच्या सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये १९५८ पासून काम केले आणि १९६७ साली सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उभारले. वेदना केवळ शरीराची नसते. मनाची, संसाराची आणि आत्म्याची मिळून ती एक समग्र वेदना असते, हे त्यांनी वैद्यकाला शिकवले. भारतातले पहिले हॉस्पिस, वांद्र्याचे शांती आवेदना सदन, डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ साली सुरू केले, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको.

याहून जुना एक दुवा सहसा आपल्या ध्यानात येत नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८८६ साली रुग्णांचे आणि रुग्णालयांचे आश्रयदाते म्हणून ज्या दोन संतांना घोषित केले ते दोघेही माजी सैनिक होते. संत जॉन ऑफ गॉड यांनी सैन्यात दिवस काढले आणि पुढे ग्रानाडात आजाऱ्यांसाठी घर उघडले. संत कॅमिलस दे लेल्लिस व्हेनिसच्या बाजूने तुर्कांविरुद्ध लढले. जुगारात सर्वस्व घालवून बसले. त्यांच्या पायाची जखम जन्मभर भरली नाही. ती जखम घेऊनच ते रोममध्ये मरणाऱ्यांच्या उशाशी बसत. त्यांची चरित्रे आपण परिवर्तनाच्या कथा म्हणून वाचतो : सैनिकपण टाकले आणि संत झाले. मला वाटते, ते सैनिकपण टाकून आले नाहीत. जखमेच्या माणसाला जखम कळली.

तरीही आपल्या भक्तिपर वाङ्मयाकडे बोट दाखवल्यावाचून हा लेख प्रामाणिक ठरणार नाही. वेदना मुकाट्याने सोसून प्रभूच्या वेदनांत मिळवावी, या शिकवणुकीत खोल सत्य आहे. पण ते स्वेच्छेने अर्पण करणाऱ्याचे सत्य आहे. ते दुसऱ्याच्या खाटेपाशी उभे राहून सांगितले की त्याचा वीरगळ होतो. पोप पायस बारावे यांनी १९५७ सालीच भूलतज्ज्ञांपुढे स्पष्ट केले होते की वेदना शमवण्यासाठी औषध देणे धर्माला मान्य आहे, त्या औषधाने आयुष्य काहीसे कमी होण्याचा संभव असला तरीही. मॉर्फिनची वाट १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने बिकट केली, २०१४ च्या दुरुस्तीने ती काहीशी सुकर झाली. परंतु मनातला कायदा अजून दुरुस्त व्हावयाचा आहे.

ऐकण्याच्या बाबतीतही आपल्याकडून एक चूक होते. सैनिक आपली गोष्ट सांगू लागला की आपण त्याला तात्काळ धीर देतो : हुकूम होता, तुमचा दोष नाही, देव क्षमा करील. घाईने दिलेली क्षमा हाही न ऐकण्याचाच एक प्रकार आहे. पापनिवेदनात धर्मगुरू आधी पूर्ण ऐकतो, मग क्षमेचे शब्द उच्चारतो. हा क्रम सामान्य माणसालाही पाळता येईल. त्यासाठी रुग्ण आपल्या धर्माचा असावा लागत नाही. माझे बहुतेक रुग्ण तसे नसतात.

मिस्सामध्ये ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी आपण सारे आपल्या अपात्रतेची जी कबुली देतो, तिचे मूळ शब्द एका सैनिकाचे आहेत. कफर्णहूमचा तो शताधिपती प्रभूकडे स्वतःसाठी काही मागत नाही. आपला चाकर घरी पडून आहे आणि त्याला भयंकर यातना होत आहेत, एवढे तो सांगतो. स्वतःच्या वेदनेला ‘दोन’ म्हणणारा सैनिक सोबत्याच्या वेदनेला ‘आठ’ म्हणतो, हे मी त्या ओसरीवर ऐकले तेव्हा मला हे शुभवर्तमान नव्याने कळले. प्रत्येक मिस्सामध्ये आपण त्याचे शब्द उच्चारतो. तो ज्याच्यासाठी बोलला त्या खाटेवरच्या माणसाची आठवण मात्र आपल्याला क्वचितच होते.

आता पुन्हा मंगळवेढ्याच्या ढिगाऱ्याकडे. नामदेवांनी हाडांना कान लावला, यात त्यांचे थोरपण आहे. मेलेल्या मजुराचे हाड कोणाचे याची विचारपूस त्या काळी दुसऱ्या कोणी केली असती? पण आख्यायिकेत एक दुःख आहे आणि ते तिने लपवलेले नाही. नामदेव पोचले तेव्हा भिंत पडून गेली होती. जिवलगाची हाडेच तेवढी हाती लागली. आपणही सैनिकाला बहुधा असेच भेटतो. तो गेल्यावर तिरंगा येतो, बिगूल वाजतो, गावचा रस्ता झाडला जातो, भाषणे होतात. तो सन्मान खरा असतो, त्याला मी नावे ठेवत नाही. परंतु तो हाडांचा सन्मान आहे.

ते माजी सैनिक पुढे पंधरा दिवसांनी गेले. शेवटच्या आठवड्यात त्यांनी आपल्या मुलाला जवळ बसवून त्या सोबत्याचे नाव आणि गाव सांगितले आणि वहीत लिहून घ्यावयास लावले. मुलगा तेथे जाईल की नाही, मला ठाऊक नाही. पण एक नाव, जे एरवी त्यांच्या हाडांबरोबर गेले असते, ते ऐकले गेले होते.